लागलं तं हाव म्हनजा

माणसांकडे पाहायच्या आधी सिस्टर त्यांच्या चपलांकडे पाहतात. शाळेच्या सभागृहाच्या पायऱ्यांशी जोड्यांचा पसारा पडलाय. रबरी स्लिपर सगळ्यांत जास्त, दोन-चार चामडी, एक टायरच्या तळाची. सिस्टर उकिडव्या बसून एकेक उलटी करतात, मग आतून बोट फिरवतात. एका स्लिपरमध्ये बोट थबकतं. तळातून घुसलेला बाभळीचा काटा आतल्या बाजूला चांगला वर आलेला आहे.

"ह्या कोनाच्या?"

"माह्या हायेत." भिंतीला टेकून बसलेला पन्नाशीचा शेतकरी हात वर करतो.

"काटा हाय आत. टोचत नाई का, दादा?"

"नाई बा."

तो उठून येतो, काटा उपटून फेकतो आणि पुन्हा जागेवर जायला निघतो. सिस्टर त्याला थांबवतात. त्याचं म्हणणं असं, की तपासायचं ते बायकोला. तिचे पाय रातभर जयतेत, म्हणून तिला घेऊन तो आलाय. शुगर त्यालाही आहे, गोळी चालू आहे, पण "मले काही तरास नाई."

सिस्टर वहीत पहिलं नाव त्याचं लिहितात.

नोव्हेंबरचे दिवस आहेत. दिग्रसच्या चहूबाजूंनी कापसाची वेचणी चालू आहे. रस्त्यावरून कापसानं फुगलेल्या गाड्या जातात आणि मागं पांढरे पुंजके उडत राहतात. अशा दिवसांत मजुरी सोडून मधुमेहाच्या शिबिरात पाय दाखवायला कोण येणार? सकाळी जे आलेत ते बहुतेक गावातले: निवृत्त मास्तर, किराणा दुकानदार, सुनांनी पाठवलेल्या आज्या. वावरातली माणसं दुपारून येतील, आली तर. आशाताई दोन दिवस घरोघर सांगत फिरल्या आहेत. "साखर तपासतो म्हनलं की येतेत," त्या मला सांगतात. "पाय पाहतो म्हनलं की हासतेत."

टेबलावर फार काही नाही. एक ट्यूनिंग फोर्क, एक रबरी हातोडी, कापूस, ब्लेडची पाकिटं, आणि पेनाएवढ्या दोन दांड्या. प्रत्येक दांडीच्या टोकाला नायलॉनचा एक ताठ तंतू आडवा बसवलेला. याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो कातडीवर काटकोनात टेकवून दाबला की बरोबर 10 ग्रॅमचा दाब पडल्यावर वाकतो. त्याहून जास्त जोर लावू म्हटलं तरी लावता येत नाही, तंतू वाकूनच जातो. त्यामुळे डॉक्टर दाबो, सिस्टर दाबो की आशाताई, पायाला पोचतं ते सारखंच. एवढा दाब तळव्याला कळत नसेल, तर चपलेतला खडा, घासणारा पट्टा, तापलेली फरशी यांच्यापासून तो पाय स्वतःला वाचवू शकत नाही. तपासणीचा अर्थ एवढाच.

सिस्टर शेतकऱ्याच्या हातावर तंतू टेकवून दाखवतात. "हे असं लागते. आता डोये मिटजा. पायाले लागलं तं हाव म्हनजा."

अंगठ्याच्या गादीवर तंतू टेकतो, कमानीसारखा वाकतो, दीड-दोन सेकंद थांबतो, उठतो. दादा गप्प. अंगठ्याच्या मुळाशी. गप्प. करंगळीच्या मुळाशी. गप्प. मग सिस्टर तंतू हवेतच धरतात, काहीच लावत नाहीत, आणि विचारतात, "आता?"

"हाव," दादा लगेच म्हणतो.

ही मुद्दाम केलेली फसवणूक आहे, आणि ती लागतेच. सकाळपासून मी पाहतोय, माणसांना इथं पास व्हायचं असतं. ती सिस्टरच्या लयीचा अंदाज घेतात आणि वेळेवर हाव म्हणतात. एक आजी तर डोळ्यांच्या फटीतून बघून उत्तरं देत होत्या. म्हणून सिस्टर लय मोडतात, जागा उलटसुलट करतात, मध्येच थांबून राहतात. त्या पुन्हा अंगठ्याकडे वळतात. तंतू वाकलेला असताना शेजारी बसलेल्या बायकोला राहवत नाही. "अहो, लावून राह्यल्या नं त्या!"

दादा डोळे उघडतो. "कुठं?"

तंतू अजून अंगठ्यावरच आहे.

डॉक्टर मॅडम त्याचा पाय मांडीवर घेतात. टाचेला भेगा, चवड्याखाली जाड घट्टा, घट्ट्याच्या मधोमध एक काळा ठिपका. त्या ब्लेडनं घट्टा थराथरानं तासतात. भूल दिलेली नाही, तिची गरजही पडत नाही. दोन थर निघतात आणि खालून पू येतो. दादा वाकून पाहतो, तोंडावर वेदनेची एक रेषही नाही. बायको पदर तोंडाशी नेते. "कधीचं हाय हे?" ती विचारते. त्याला सांगता येत नाही. सोयाबीन काढताना धसकट घुसलं असेल, नाहीतर असाच एखादा काटा. पाय दुखला असता तर त्यानं त्याच दिवशी ओट्यावर बसून तो काढला असता.

जखम धुऊन पट्टी होते. आजच ग्रामीण रुग्णालयात जायचं, वावरात पाय ठेवायचा नाही, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. "घरातबी?" या अटीचंच त्याला सगळ्यात नवल वाटतं.

आता बायकोची पाळी. तिचे पाय जळतात, रात्री चादरीचा स्पर्श सोसत नाही, पाय गार फरशीला लावून ती पहाट करते. तिला मात्र तंतू सगळीकडे लागतो. दोन्ही पायांवर, प्रत्येक ठिकाणी हाव. ती घाबरते ती यामुळेच: इतकं होऊनही तपासणीत काही निघत नाही म्हणजे मनाचे खेळ म्हणतील की काय. डॉक्टर तिला समजावतात. नसा एका जातीच्या नसतात. बारीक तंतू आग, वेदना, थंड-गरम सांगतात. जाड तंतू स्पर्श, कंप आणि पाय कुठं पडतोय ते सांगतात. साखर बारीक तंतूंना आधी डिवचते तेव्हा पाय पेटतो, आणि नायलॉनच्या तंतूची परीक्षा तो पाय पास होतो. त्यासाठी टाचणीचं टोक आणि गार धातूचा स्पर्श पाहावा लागतो. डॉक्टर दोन्ही पाहतात. अंगठ्यापासून घोट्यापर्यंत तिला थंड नीट ओळखता येत नाही. मनाचे खेळ नाहीत, एवढं ऐकूनच ती निम्मी हलकी होते.

रांग मला हळूहळू उमगते आहे. पुढं सरसावतात ते जळणाऱ्या, मुंग्या येणाऱ्या पायांचे. मागं भिंतीला टेकून, सोबतीला म्हणून आलेले जे आहेत, त्यांच्यातच सुन्न पाय सापडतात. मधुमेहात नसा बिघडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कसलीच तक्रार नसते, असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. दुखणं माणसाला दवाखान्यात आणतं. इथं दुखणंच गेलेलं, मग आणणार कोण? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं देशातल्या मधुमेहींचा आकडा 10 कोटींच्या वर नेला. त्यातल्या प्रत्येकाचा पाय वर्षातून एकदा तरी असा मांडीवर घेऊन पाहायला हवा. टाइप 2 मधुमेह असेल तर निदानाच्या दिवसापासूनच, कारण तो कळायच्या आधी काही वर्षं अंगात असू शकतो. हे ऐकायला सोपं आहे. ओपीडीच्या गर्दीत चपला-मोजे काढायलाच जो वेळ जातो, तिथंच ते अडतं.

रांगेत कुजबुज होते. एक म्हातारी उठून दाराकडे चालली आहे. "हे तं महारोगाची तपासनी हाय," ती शेजारणीला सांगते. आशाताई धावतात. म्हातारीचं चुकीचंही नाही. कुष्ठरुग्ण शोधमोहिमेत याच आशाताई अंगावरच्या चट्ट्याला पेनाचं टोक लावून लागतं का विचारत फिरतात, आणि त्यांच्याकडच्या तपासणीच्या अर्जात तळव्याला वारंवार मुंग्या येतात का, तळव्यावर वारंवार जखमा होतात का, हे प्रश्न कुष्ठरोगाच्याच विचारानं घातलेले आहेत.

म्हातारीला जे वाटलं त्याच्यामागं खरोखर एक मोठा इतिहास आहे. स्पर्श मोजायला जर्मनीत माक्स फॉन फ्रायनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केस वापरले. जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी 1960 च्या सुमारास मेंदूला इजा झालेल्या माणसांच्या अभ्यासासाठी नायलॉन आणला. आणि तो पायाच्या तपासणीत रुळला तो अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे हात शस्त्रक्रियेनं सरळ करणारे डॉ. पॉल ब्रँड पुढं तिथंच गेले होते. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना गेल्यामुळे जखमांवर जखमा होऊन ती जातात, हे त्यांनी वेल्लोरला ओळखलं होतं. मधुमेह्यांच्या पायाचे व्रण पाहिल्यावर त्यांना तीच गोष्ट पुन्हा दिसली. विदर्भाला तर हे कुणी शिकवायला नको. मनोहर दिवाणांनी दत्तपूरला 1936 साली काम सुरू केलं, बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापली. सुन्न पाय म्हणजे काय, तो कसा धुवावा, रोज कसा न्याहाळावा, चपलेचा तळ मऊ आणि वरचा भाग न टोचणारा कसा असावा, हे सगळं ज्ञान या भागात एका रोगासाठी साठलेलं आहे आणि दुसऱ्या रोगाला त्याची गरज आहे. आड येते ती म्हातारीच्या मनातली भीती.

आशाताई तिला हाताला धरून परत आणतात. काय सांगितलं ते कळत नाही, पण ती स्वतःच चपला काढून बाकावर बसते.

मग निवृत्त गुरुजी. त्यांची फाइल जाड आहे. तिच्यात एका मोफत शिबिराचा रंगीत कागद आहे: कंप मोजणाऱ्या यंत्राचा अहवाल, दोन्ही पायांची चित्रं, लाल-पिवळे-हिरवे ठिपके, खाली व्होल्टचे आकडे. यंत्र बायोथेसिओमीटर. त्याची थरथरणारी कळ अंगठ्याला लावतात आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत नेतात, माणूस "लागलं" म्हणेपर्यंत. 25 व्होल्टच्या पुढं गेलं तर व्रणाचा धोका मोठा. यंत्र चांगलं आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. गुरुजींचा आकडा 25 च्या वर गेलेला, लाल ठिपके पडलेले, आणि त्या कागदासोबत त्यांना मिळाल्या जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल. पाय कुणी हातात घेतला नाही, चप्पल कुणी उलटी केली नाही. औषध खपवायचं असलं की तपासणी फुकट होते आणि सल्ला कॅप्सूलमध्ये मावतो.

डॉक्टर अहवाल बाजूला ठेवून ट्यूनिंग फोर्क तळहातावर आपटतात. सेकंदाला 128 कंपनं. बुड अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. "गुरुजी, थरथर थांबली की सांगा."

"थांबली."

डॉक्टर तोच फोर्क चटकन स्वतःच्या अंगठ्यावर ठेवतात आणि मनात मोजतात. गुरुजींसाठी संपलेली थरथर त्यांना अजून जाणवते आहे, दहा सेकंदांच्या पुढं. त्या यंत्राला जे दिसलं ते या लोखंडी दुबेळक्यालाही दिसतं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणतात, "चालताना कापसाच्या गंजीवर चालल्यावानी लागते. अन् परवा चप्पल रस्त्यातच निघून गेली, घरी आल्यावर पायात एकच." आजूबाजूचे हसतात. डॉक्टर हसत नाहीत, वहीत लिहून घेतात. चप्पल पायातून सुटल्याचं न कळणं हे सुन्न पायाचं लक्षण आहे.

जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र त्या पूर्ण झटकत नाहीत. गुरुजी पक्के माळकरी, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू. या दोन्हींनी बी-12 कमी पडू शकतं, आणि त्यानंही नसा सुन्न होतात. म्हणून रक्तात बी-12 किती ते आधी पाहायचं, मग इंजेक्शन की गोळी ते ठरवायचं. कमी असेल तर भरून काढता येतं. साखरेनं गेलेली संवेदना मात्र सहसा परत येत नाही. साखर आवरली तर पुढचं नुकसान मंदावतं.

दुपार होते. तांड्यावरून एक बंजारा आजी नातवासोबत आली आहे. मराठी तिला समजते, पण उत्तरं ती गोरमाटीत देते. "याडी, लागलं का?" सिस्टर विचारतात. "कोनी." प्रत्येक जागी कोनी. उजव्या पायाचं दुसरं बोट टोकाशी कुरतडल्यासारखं, कडा ओबडधोबड. नातू सांगतो, घरात कापूस भरलाय, उंदीर झालेत, आजी खाली झोपते. सकाळी गोधडीला रक्त दिसलं तेव्हा कळलं.

मी दोनदा विचारून घेतो. डॉक्टरांना त्यात नवीन काही वाटत नाही. झोपेत उंदरानं सुन्न बोट कुरतडणं कुष्ठरोगाच्या दवाखान्यांना जुनं माहीत आहे, मधुमेहाच्या दवाखान्यांनाही. नातवाला सांगितलं जातं: आजीला बाजेवर झोपवायचं, पाय झाकून, मच्छरदाणी गादीखाली खोचून. जखमेसाठी दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. कुठल्याही कॅप्सूलपेक्षा ही बाज तिच्या पायाला जास्त उपयोगी आहे.

बिब्ब्याचा विषय त्याच ओघात निघतो. काटा मोडला की बिब्ब्याचा चटका द्यायचा, भेगांना बिब्बा लावायचा, हे इथं घरोघरी. धडधाकट पायाला पोळलं की माणूस हात आवरतो. सुन्न पाय भाजून निघतो तरी कळत नाही. थंडीत शेकोटीशी पसरलेले पाय, गरम पाण्याची बादली, रामनवमीला पोहरादेवीला अनवाणी जाणाऱ्यांच्या पायांखालचा तापलेला डांबरी रस्ता. देवाला अनवाणी जाऊ नका असं सिस्टर कुणालाच सांगत नाहीत. "मोजे घालून जाजा," म्हणतात. "पांढरे. रगत आलं तं दिसते."

काम करताना डॉक्टर आणि सिस्टर या दोघींना फार बोलावं लागत नाही, हे मी सकाळपासून बघतोय. एकीनं पाय टिपायचा, दुसरीनं तासायचा. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी दोन दशकांपूर्वी "स्टेप बाय स्टेप" या पाय वाचवण्याच्या उपक्रमात डॉक्टर आणि परिचारिका यांना जोडीनंच शिकवायचं धोरण ठेवलं होतं. भारताबरोबर टांझानियातही तो उपक्रम चालला. एकट्या डॉक्टरला शिकवलं तर ते ज्ञान ओपीडीच्या रेट्यात कोमेजतं. सोबत सिस्टर असेल तर ती चपला उलट्या करते.

आता सिस्टर तंतू बदलतात. दहाएक माणसांनंतर नायलॉन थकतो, कमी दाबात वाकायला लागतो, त्याला दिवसभर विसावा द्यावा लागतो. दुसराही थकत आला आहे. म्हणून त्या आशाताईंना बाकावर बसवून बोटांची पद्धत शिकवतात. यात काहीच साधन लागत नाही. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी सहा टोकं. आपल्या तर्जनीनं हलकेच स्पर्श करायचा, सेकंद-दोन सेकंद, दाबायचं नाही, टकटक करायची नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर तो पाय धोक्यातला. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात ही पद्धत बसवली गेली आणि तिचे निकाल तंतूच्या जवळपास उतरले. आशाताई आधी एकमेकींवर करून पाहतात. एकीला गुदगुल्या होतात.

"हे तं घरी बुढ्याले करता येते," दुसरी म्हणते.

"करू देईन का पन तो?"

साडेतीनच्या सुमारास वावरातून थेट आलेल्या बाया दिसतात. केसांत कापसाची धूळ. त्यांच्यात एक चाळिशीची बाई लंगडते आहे, सोबत विशीतला मुलगा. डावा पाय घोट्याखाली सुजलेला आणि लालसर. पाय मुरगळला होता म्हणे, एकाकडून चोळून घेतला, तेल लावलं, सूज हटेना. दुखतं का? "थोडसंक. चालता येते नं. आज बी वेचून आली."

डॉक्टर हाताची पालथी बाजू आधी उजव्या पायाला, मग डाव्याला लावतात. मग बॅगेतून कोरोनाच्या काळातलं ते बंदुकीसारखं थर्मामीटर काढतात, कपाळाऐवजी वस्तूचं तापमान दाखवणारं बटण दाबतात. उजवा 31, डावा 34 च्या वर. त्या दोन्हीकडे पुन्हा एकदा मोजतात. जखम नाही, ताप नाही. नाडी ठणठणीत लागते. तंतू दोन्ही तळव्यांवर कुठंच कळत नाही.

याला शार्को पाय म्हणतात. सुन्न पायाच्या आतली हाडं आणि सांधे ढिले होऊन मोडायला लागतात, आणि दुखत नसल्यानं माणूस त्यांच्यावर चालतच राहतो. सुरुवातीच्या एक्स-रेत ते कधीकधी दिसतही नाही. पुढं तळव्याची कमान खचते आणि पाय जन्माचा वाकडा होतो. आज ओळखला तर उपाय एकच: प्लास्टर घालून त्या पायावर भार टाकणं बंद. काही आठवडे नाही, काही महिने.

"महिने?" बाई म्हणते. "मंग वेचनी कोन करन? चार दिवस जाऊ द्या. एवढी वेचनी झाली की जातो."

"मावशी, चार दिवसांत हाड मोडते."

"दुखत तं नाई नं पन."

डॉक्टर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतात. मुलगा इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून होता. तो थर्मामीटरच्या आकड्याकडे बघतो, मग आईच्या पायाकडे. "मॅडम, प्लास्टर घातल्यावर तिथंच ठेवतीन का घरी पाठवतीन?"

"बहुधा घरी. पण घरी टेकवायचा नाही."

"अन् तुरीले पानी कोन देईन?" आई विचारते.

"मी देतो." तो मोबाइल खिशात टाकतो. "बाहेर ऑटो हाय. आत्ताच एसटी स्टँडवर नेतो. दारव्ह्याकडून यवतमाळची गाडी भेटते."

बाई उठायला लागते. सिस्टर तिचा खांदा दाबून तिला परत बाकावर बसवतात आणि आशाताईंना हाक मारतात. "चालत नाई न्यायचं. मास्तरची ती हाताची खुर्ची आना. दोघी जनी इकडून धरा, अन् तू रे, पोरा, मांगून."